बीडीडी, पत्राचाळ, पीएमजीपी: सरकारी वसाहतीचं लोकांच्या तोंडातलं नाव पक्कं कसं करायचं

मंडळाची स्मरणिका असू दे, मॅपवरचं लेबल असू दे, नाहीतर आपल्या एरियाच्या इतिहासावरची नोंद, सरकारी वसाहतीला "लोक काय म्हणतात" ते लिहायची वेळ आली की बरेचजण एकाच ठिकाणी घसरतात. एका बातमीत कुणीतरी नाव छापतं, दुसरा तिथून उचलतो, तिसरा दोघांचा दाखला देतो, आणि मग तीन पुरावे झाले म्हणून नाव पक्कं. अहो तीन कुठे, एकच झाला. आणि ज्या चाळीबद्दल लिहिलंय तिथल्या माणसाला विचारा, तो म्हणेल असं आम्ही नाही म्हणत हो.

खालची उदाहरणं मुंबईतली आहेत, जास्त करून बीडीडी चाळी (ब्रिटिश काळात सरकारनं बांधलेल्या) आणि म्हाडाच्या, म्हणजे राज्य सरकारच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या वसाहती, पण दुसऱ्या शहरातली वसाहत असली तरी क्रम हाच ठेवा. आधी लोकांना विचारून मग कागद शोधायला बसलात तर जे ऐकलंय तेच कागदात दिसायला लागतं.

## १. आधी जागा पक्की करा, नाव नंतर

"बीडीडी चाळ" म्हणजे कुठली? वरळीत १२१ इमारती, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२, अशा मिळून २०७. सगळ्या एकाच साच्यातल्या, तळमजला अधिक तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, त्यामुळे नुसत्या जुन्या फोटोवरून ठिकाण ओळखायला जाऊ नका. "चाळ नंबर ५" एवढ्यानेही भागत नाही, कारण कुठल्या ठिकाणची ५ नंबर ते सांगावंच लागतं. नायगावची तर अजून एक भानगड आहे, दादर पूर्वेचं नायगाव वेगळं आणि वसईच्या अलीकडचं, पश्चिम रेल्वेचं स्टेशन असलेलं नायगाव वेगळं, आणि सर्च केलं की दोन्हीचा काला होऊन समोर येतो.

म्हणून प्रत्येक वसाहतीचं एक कार्ड बनवा, कागदावर नाहीतर फोनमध्ये, कसंही. त्यात एवढं पाहिजे:

- आजचं सरकारी नाव, एरिया, जवळचं स्टेशन, पूर्व की पश्चिम
- पिनकोड (वरळी ४०००१८, ना. म. जोशी मार्ग म्हणजे जुना डिलाईल रोड ४०००१३, दादर-नायगाव ४०००१४, शिवडी ४०००१५)
- जमिनीचा नंबर, शहरात सी.एस. नंबर आणि उपनगरात सीटीएस नंबर
- कुणी बांधली आणि आज कुणाच्या ताब्यात आहे

शेवटची ओळ भरताना बीआयटी आणि बीडीडी एकमेकांत घालू नका. बीआयटी चाळी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या, हा ट्रस्ट प्लेगनंतर १८९८ मध्ये आला. बीडीडी चाळी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, ते खातं १९२० चं. डॉ. आंबेडकर परळला राहिले ती बीआयटी चाळ नंबर १. दोन अक्षरं बदलली की पूर्ण वसाहतच बदलते. म्हाडा तर १९७७ ची, त्यामुळे १९५०-६० च्या दशकातल्या वसाहतीबद्दल "म्हाडानं बांधली" असं लिहिलेलं दिसलं की जरा थांबा, ती त्या वेळच्या हाउसिंग बोर्डाची असू शकते आणि म्हाडाकडे नंतर आली असू शकते.

तपासा: कार्ड कधी मुंबईत न आलेल्या माणसाला दिलं तर तो बरोबर त्या गेटसमोर पोचेल का? नसेल पोचत तर पुढे जाऊ नका.

## २. सरकारी नावं किती झाली ते लावून घ्या

ही पायरी लोक सोडूनच देतात. २०२२ मध्ये राज्य सरकारनं बीडीडीची नावं बदलली, वरळीला बाळासाहेब ठाकरे नगर, ना. म. जोशी मार्गाला राजीव गांधी नगर, नायगावला शरद पवार नगर. ही झाली सरकारी नावं. ती कुणी बोलतं की नाही हा प्रश्न वेगळा, आणि कुणी बोलत नसलं तरी ती खोटी ठरत नाहीत. उलट बाजूने डिलाईल रोड बघा, रस्त्याचं नाव ना. म. जोशी मार्ग होऊन जमाना झाला पण तिथला माणूस आजही "मी डिलाईल रोडचा" असंच सांगतो. म्हणजे हे टोपणनाव नाहीये, हे कधीकाळचं सरकारी नावच आहे जे लोकांनी सोडलं नाही. त्याची नोंद "जुनं नाव, अजून वापरात" अशी करायची. टोपणनावात टाकलंत तर चुकलात.

शासन निर्णय, राजपत्र, म्हाडाच्या जाहिराती आणि पात्रता याद्या यातून मिळतील तेवढी नावं तारखेसकट लिहून काढा. तारीख सापडत नसेल तर तो रकाना रिकामा ठेवा, अंदाजाने वर्ष टाकू नका, कारण अंदाजानं टाकलेलं वर्ष पुढचा माणूस पुरावा म्हणून उचलतो.

## ३. नाव कुठल्या प्रकारचं आहे ते ओळखा

प्रकार कळला की चूक कुठे होऊ शकते तेही कळतं.

आद्याक्षरांची नावं: बीडीडी, बीआयटी, पीएमजीपी. पीएमजीपी म्हणजे प्राइम मिनिस्टर्स ग्रँट प्रोजेक्ट, १९८० च्या दशकातली योजना, आणि या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इमारती धारावीलाही आहेत आणि जोगेश्वरीलाही. इथे नाव खरं की खोटं हा प्रश्नच येत नाही, कुठलं ते विचारायचं.

वस्तूवरून पडलेली नावं: पत्राचाळ. गोरेगाव पश्चिमेच्या सिद्धार्थ नगरला पत्राचाळ म्हणतात, म्हाडाची जागा, ६७२ भाडेकरू. पण पत्राचाळ हा साधा शब्द पण आहे, पत्र्याच्या खोल्यांची कुठलीही रांग पत्राचाळच, त्यामुळे एखाद्या जुन्या कागदात "पत्राचाळ, गोरेगाव" दिसलं की तीच असेल असं धरून चालू नका, बाजूचा रस्ता किंवा दुकान जुळतंय का बघा.

नुसतं "म्हाडा" किंवा "ट्रान्झिट कॅम्प": अंधेरी पश्चिमेला चार बंगल्याजवळ म्हाडा म्हटलं की सरदार वल्लभभाई पटेल नगर, मालाडला म्हाडा म्हटलं की भलतंच. अशी नावं फक्त त्या त्या स्टेशनापुरती चालतात आणि नोंदीत तसं लिहावं लागतं.

टाइपचे कोड: वाशीला सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या) जेएन-१, जेएन-२ इमारती आहेत. कोड मुळात इमारतीच्या टाइपचा, पण लोक पत्ता म्हणून सांगतात. इथे सरकारी नाव आणि बोलीतलं नाव जवळजवळ एकच, उगाच दोन रकाने भरू नका.

आणि शेवटी ब्रोकरची नावं. टॉवर आला की "अप्पर" काहीतरी सुरू होतं, अप्पर वरळी वगैरे. ते नाव फक्त ब्रोशरमध्ये असेल आणि खालच्या वाण्याला माहीत नसेल, तर तुमच्या नोंदीत त्याचं काही काम नाही (माझं मत विचाराल तर कुणाच्याच नोंदीत नाही).

## ४. कागद बघा, पण कुठले कागद

इंटरनेटवर सर्च करून मिळालेल्या दहा लिंक म्हणजे दहा पुरावे नव्हेत. आधी हे बघा की त्या एकमेकांवरून उतरवलेल्या आहेत का. सगळ्यात सोपी खूण म्हणजे चूक. एकच स्पेलिंगची चूक, एकच चुकलेला आकडा सगळीकडे असेल तर मूळ एकच आहे. मॅपवरचं लेबल तर कुणीही एका माणसानं टाकलेलं असू शकतं, तो स्वतंत्र पुरावा धरू नका, आणि तुम्हीच आधी टाकलेलं लेबल नंतर स्वतःला पुरावा म्हणून दाखवू नका, हसू नका, होतं असं.

कामाचे कागद हे:

मतदार यादीचं पहिलं पान. त्या भागात कुठल्या कुठल्या चाळी, गल्ल्या येतात ती नावं तिथे असतात. आतल्या पानांवर माणसांची नावं असतात, त्याची आपल्याला काहीच गरज नाही, डाउनलोड करून ठेवू पण नका.

भाडेपावती, लाइट बिल, रेशन कार्ड. बीडीडीचा कारभार सार्वजनिक बांधकाम विभागाकडे होता, त्यामुळे तिथल्या जुन्या पावत्यांवर सरकारी नाव कसं लिहायचे ते दिसतं. बोलीतलं नाव तिथे मिळेलच असं नाही, पण फरक कळतो.

लग्नपत्रिका, मंडळाची पावती पुस्तकं, कबड्डीच्या स्पर्धेचं पोस्टर, श्रद्धांजलीचे बोर्ड. हे सोनं आहे. इथे पत्ता चाळीतल्या माणसानंच, चाळीतल्या आणि नातेवाइकांच्या सोयीसाठी लिहिलेला असतो, आणि पत्रिकेवर तारीख असते. एकच नाव वेगवेगळ्या घरांच्या पत्रिकांवर सापडलं तर ते कुठल्याही बातमीपेक्षा भारी.

बेस्टच्या स्टॉपची नावं आणि दुकानांच्या पाट्या. पाटीखाली पत्ता असतो. गोरेगावच्या दुकानदाराने स्वतःच्या पैशाने पत्त्यात काय रंगवून घेतलंय ते बघा.

जुनी वर्तमानपत्रं. लोकसत्ता १९४८ पासून, महाराष्ट्र टाइम्स १९६२ पासून, त्याच्या आधीचं बघायचं तर दुसरे अंक काढावे लागतात. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी जाऊन काय मिळतं ते विचारा, आणि बातम्यांपेक्षा छोट्या जाहिराती आणि निवेदनं वाचा.

सर्च करताना एकच स्पेलिंग टाकून थांबू नका. बीडीडी, बी.डी.डी., बी. डी. डी., डिलाईल, डिलाइल, पत्राचाळ, पत्रा चाळ, सगळं टाकून बघा, शिवाय रोमन लिपीत पण. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, जुन्या मराठी पीडीएफ बऱ्याचदा युनिकोडमध्ये नसतात (जुन्या फॉन्टमध्ये असतात) किंवा नुसते स्कॅन असतात, त्यात मराठी सर्च सहसा चालत नाही. "शोधलं, सापडलं नाही" लिहायच्या आधी पानं डोळ्यांनी चाळा.

थांबा: नाव एखाद्या मोठ्या बातमीमुळे गाजलंय का? पत्राचाळ हे नाव २०२२ मध्ये ईडीच्या कारवाईमुळे सगळीकडे पोचलं. त्यानंतरच्या बातम्यांवरून तिथले लोक काय म्हणायचे ते सिद्ध होत नाही, अशा नावाला बातमीच्या आधीचा पुरावा पाहिजे. आधीचाही सापडतो, फक्त तो शोधून नोंदवायला पाहिजे.

## ५. लोकांना विचारा, पण नाव तुम्ही उच्चारू नका

सगळ्यात जास्त वाट इथे लागते. "काका, याला पत्राचाळच म्हणतात ना?" असं विचारलं की काका म्हणणार हो हो. पाहुण्या माणसाला कशाला नाही म्हणा. आणि तुम्ही घरी येऊन लिहिणार, स्थानिकांनी दुजोरा दिला.

नाव त्यांच्या तोंडून आलं पाहिजे. त्यासाठी असे प्रश्न विचारा:

- "मावशी, गावावरून पाहुणा येणार असेल तर त्याला कुठे उतर म्हणून सांगता?"
- "शाळेत होतात तेव्हा राहायला कुठे म्हणून सांगायचात?"
- "लग्नाच्या पत्रिकेवर पत्ता काय छापला होता?"
- "टॅक्सीवाल्याला काय सांगता?" (शहर भागात रिक्षा नाही, तिथे टॅक्सी नाहीतर बसचा स्टॉप, उपनगरात शेअर रिक्षावाल्याला विचारा)
- "पलीकडच्या चाळीतले लोक तुमच्या बाजूला काय म्हणतात?"

शेवटचा प्रश्न विसरू नका. आतले एक बोलतात, बाहेरचे दुसरं बोलतात, असं फार ठिकाणी आहे. बीडीडीत आतला माणूस "चाळ नंबर अमुक" असा नुसता नंबर सांगेल कारण त्याच्यासाठी बाकी सगळं गृहीतच आहे, स्टेशनवरचा माणूस "बीडीडी" म्हणेल, आणि ऑफिसात तोच आतला माणूस नुसतं "वरळी" म्हणेल. तिन्ही खरं आहे. कुणी, कुणाशी बोलताना म्हटलं ते बाजूला लिहा, नाहीतर नंतर तुमचीच वही तुम्हाला उलटसुलट वाटेल.

कुणाला विचारायचं हेही बघा. एकाच कट्ट्यावरचे पाच जण म्हणजे एकच उत्तर, ते एकमेकांचं ऐकून बोलतात. वेगवेगळ्या इमारतींतले, वेगवेगळ्या वयाचे घ्या. बायकांना विचारलंच पाहिजे, मंडळाचे कार्यकर्ते भेटतात म्हणून सगळे त्यांनाच विचारतात आणि दुपारच्या वेळी पाण्याच्या, शाळेच्या निमित्तानं चाळभर फिरणाऱ्या आज्या-मावश्या राहून जातात. पोस्टमन, वाणी, पेपरवाला आणि हल्ली डिलिव्हरीवाली पोरं, यांना पत्ता शोधायचाच असतो, त्यामुळे यांचं उत्तर भावनेवर नाही, कामावर चालतं.

बीडीडीच्या बाबतीत अजून एक अडचण आहे. इमारती पाडल्या जातायत, लोक संक्रमण शिबिरात किंवा भाड्याने दुसरीकडे गेलेत, वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. टॉवरमध्ये गेल्यावर चाळीचा नंबर कुणी किती वर्षं सांगेल ते बघायचं, म्हणून आधी वयस्कर माणसं गाठा, मॅप नंतर झाला तरी चालेल. आणि गेटवर उभ्या असलेल्या सिक्युरिटीला विचारून उपयोग नाही, तो कालच आलेला असतो.

थांबा: काही नावं एखाद्या जातीवर, धर्मावर किंवा टोमण्यावर असतात. वरळीच्या बीडीडीत १९७४ ला दंगल झालेली आहे, कुठली बाजू कुणाची यावर बोलणं तिथे आजही हलकं नसतं. असं नाव कानावर आलं तर वहीत असू द्या पण छापायच्या आधी ज्यांना ते नाव चिकटवलंय त्यांना ते मान्य आहे का विचारा. मान्य नसेल तर छापू नका. "पण लोक म्हणतात" हे कारण इथे चालत नाही.

माणसांची नावं, खोली नंबर लिहून ठेवू नका. "साठीच्या पुढच्या बाई, जन्मापासून इथे" एवढं पुरतं. रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा, आणि नको म्हणाले तर फोन खिशात टाका.

## ६. नावाची हद्द चालून बघा

नाव खरं आहे हे कळलं, पण कुठून कुठपर्यंत? प्रिंटआउट घेऊन फिरा आणि कोपऱ्याकोपऱ्यावर विचारा "हे पण त्यातच येतं का?" इथे मात्र नाव घेऊन विचारायला हरकत नाही, कारण आता प्रश्न हद्दीचा आहे. वरळीला जांबोरी मैदानाच्या आसपास उभं राहून विचारलंत तर लोक हाताने दाखवतात, इकडून तिकडे. ते हात मॅपवर उतरवा. उत्तरं जुळत नसतील तर रेघ पक्की ओढू नका, तुटक ठेवा. बाजूची खाजगी चाळ, झोपडपट्टी किंवा पोलीस लाइन त्याच नावात ओढली जाते का हे मुद्दाम विचारा.

## ७. ठरवा

आता कागद आणि लोक समोरासमोर ठेवा. मी नावाला या पाचातला एक शिक्का मारतो:

पक्कं: निदान दोन एकमेकांशी संबंध नसलेले कागद, आणि वेगवेगळ्या ठिकाणच्या लोकांनी न सुचवता तेच नाव घेतलं.

भागापुरतं: फक्त दोन-चार इमारतींना लागू. पूर्ण वसाहतीला लावू नका.

जुनं: कागदात आहे, म्हातारी माणसं सांगतात, पोरांना माहीत नाही.

बाहेरचं: पेपरवाले, ब्रोकर किंवा पलीकडचे म्हणतात, आतले नाही.

अजून नाही: एकच कागद किंवा एकच माणूस. वहीत राहू दे.

कागद भरपूर पण माणूस एकही नाही, असं झालं तर नाव कदाचित सरकारी फायलीतच जगलं असेल. उलट, माणसं भरपूर पण कागद शून्य, तर घाबरू नका, बोलीतलं नाव कागदावर नसणं साहजिकच आहे, फक्त लोक जास्त आणि वेगवेगळे घ्या आणि नोंदीत "बोलण्यात ऐकलेलं" असं स्पष्ट टाका.

नाव कसं पडलं याची स्टोरी मात्र या निकालात घेऊ नका. नाव पक्कं असूनही स्टोरी खोटी असू शकते. प्रत्येक चाळीत एक माणूस असतो ज्याला सगळ्या नावांचा उगम माहीत असतो, त्याचं ऐकून घ्या, चहा घ्या, आणि वेगळ्या पानावर लिहा.

## ८. नोंद लिहिताना

सरकारी नाव आधी, बोलीतलं नंतर, मग कोण म्हणतं, कुठपर्यंत, कधीपासूनचा पुरावा. नमुना असा:

"सिद्धार्थ नगर, गोरेगाव (पश्चिम). म्हाडाची वसाहत. बोलीत: पत्राचाळ. रहिवासी आणि बाहेरचे दोघंही म्हणतात. बातम्यांत हेच नाव जास्त. याच नावाच्या इतर ठिकाणांशी गोंधळ शक्य."

यातली "कोण म्हणतं"ची ओळ तुमच्या वहीतून आली पाहिजे, माझा नमुना बघून नाही.

काही ऑनलाइन मॅपवर मुख्य नाव, जुनं नाव, स्थानिक नाव, पर्यायी नाव असे वेगळे रकाने मिळतात. सगळी नावं स्लॅश मारून एकाच रकान्यात कोंबू नका, सर्च बिघडतो आणि दुसरा येऊन सगळंच उडवतो. स्पेलिंग एक ठरवा, बाकीची पर्यायी म्हणून द्या. आणि सोसायटीचं रजिस्ट्रेशन, करारनामा, म्हाडाचा अर्ज असल्या कुठल्याही कागदावर बोलीतलं नाव वापरू नका, तिथे सरकारी नाव आणि जमिनीचा नंबरच चालतो.

छापायच्या आधी नोंद वसाहतीतल्या दोघांना वाचून दाखवा, शक्यतो ज्यांना आधी भेटला नव्हतात अशांना. एखाद्याने कपाळाला आठी घातली तर पायरी पाच परत. छापून झाल्यावर कार्डावर तपासल्याची तारीख टाका, पुनर्विकास चालू असलेल्या ठिकाणी वर्षभराने पुन्हा फेरी मारा, आणि कुणी दुरुस्ती पाठवली तर जुनं खोडू नका, खाली नवीन ओळ जोडा.